महिनाभर रोज चार चौकटी

एक कोरा कागद दोनदा दुमडला की चार चौकटी होतात. त्यात आज घरात घडलेली एखादी गोष्ट काढायची, पात्रांच्या तोंडी फुगे द्यायचे आणि मगरिबच्या आत पान पुरं करायचं. असं महिनाभर. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या झरीत मे महिन्याच्या दुपारी पोरं घरात कोंडलेली असतात आणि सगळी भांडणं एका मोबाईलपाशी येऊन थांबतात. म्हणून गेल्या सुट्टीत आमच्या घरातल्या तिघांनी ही पैज लावली.

अशा पैजा जगात आधीपासून आहेत. अमेरिकेतले चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९० मध्ये चोवीस तासांत चोवीस पानांची चित्रकथा काढून दाखवली. जेक पार्कर या चित्रकाराने २००९ मध्ये ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र काढायचं ठरवलं आणि मग जगभरचे लोक त्यात उतरले. आपल्याकडे ज्यांनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स वाचली, त्यांना वेताळासोबत बहादूरही आठवेल. चंबळच्या डाकूंशी लढणारा हा नायक १९७६ मध्ये आला तो आबिद सुरती यांच्या कल्पनेतून. त्यांचाच ‘ढब्बूजी’ ‘धर्मयुग’ या हिंदी साप्ताहिकात वर्षानुवर्षं येत राहिला. दर आठवड्याला नवा विनोद, तोही दोन-चार चौकटींत! त्यामागची मेहनत स्वतः आठ दिवस काढून पाहिल्यावरच कळते.

पहिला आठवडा मजेत गेला. बकरीने वही खाल्ली, लाइट गेली, आंब्यांवरून मारामारी झाली. नवव्या-दहाव्या दिवशी मात्र “आज काही घडलंच नाही” सुरू झालं. मग पोरं मोठ्यांचं बोलणं कान देऊन ऐकू लागली. आणि इथेच खरी अडचण आली. फुग्यात लिहायचं कोणत्या भाषेत?

शाळेत मराठी, घरात दखनी. सुरुवातीच्या पानांवर दादी चक्क पुस्तकी मराठी बोलत होती, ते वाचून सगळे हसले. शेवटी थोरलीने ठरवलं, चौकटीच्या वरची ओळ मराठीत, फुग्यात मात्र कानावर पडलं तेच. “नक्को बोली ना मैं!” “हौ, कायकू?” नक्कोला क एक की दोन, यावर अर्धा तास वाद झाला. एका पानावर दादीने चूक काढली. ती म्हणाली, मी ‘जल्दी’ नव्हते बोलले, ‘बेगी’ बोलले. हा शब्द तिघांनाही नवा होता.

माझ्या मते या महिन्याची खरी कमाई हीच. दखनीला कुणी बिघडलेली उर्दू म्हणतं, कुणी मोडकी हिंदी. पोरांना ती चारचौघांत बोलायची लाज वाटू लागते आणि दादीला उत्तर दुसऱ्याच भाषेत मिळतं. चित्रकथेच्या फुग्यात ती निदान जशीच्या तशी कागदावर उतरते.

काही घरांत चेहरे काढायला थोरांची ना असते, आमच्याकडेही होती. त्यावर वाद न घालता पोरांनी बिनचेहऱ्याची माणसं काढली. दादी पानदानावरून ओळखू येते, अब्बा हेल्मेटवरून.

सामान म्हणाल तर पाठकोरे कागद, पेन्सिल आणि काळा पेन. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पानांची सक्ती करू नका, पोरं तिथेच सोडून देतात. काळ्या पेनाचा फायदा झेरॉक्सला होतो. शरद शर्मा यांची ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ ही संस्था गावोगावच्या साध्या माणसांना अशाच चार चौकटी शिकवते. दोन ए-फोर कागद जोडून गोष्ट काढायची, झेरॉक्स करायच्या आणि लोकांची नजर जाईल अशा भिंतीवर लावायच्या. आमच्या पोरांची पुढची मागणी तीच आहे, फक्त कुणाच्या भिंतीवर, हे अजून ठरायचंय.