अनेक संगणकांची एक तबकडी

आपल्याकडील जुनी पोथी बांधलेली नसते. तिचीं पानें सुटीं असतात. समजा, अशा एका पोथीचें प्रत्येक पान तीन वेळां उतरून घेऊन गांवांतील निरनिराळ्या घरीं ठेवलें. मग एखादें घर जळालें तरी पोथी जात नाहीं. मात्र वाचकाला पानापानासाठीं दारोदार हिंडावें लागेल. हें हिंडणें वाचवून वाचकाच्या हातीं अखंड पोथी देणें, हेंच काम 'सेफ' नांवाची संग्रहव्यवस्था संगणकांसाठीं करते.

सेफची मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ येथील शाखेंत सेज वाइल व त्यांचे सहकारी यांनीं केली आणि २००६ सालीं ती निबंधरूपानें प्रसिद्ध केली. या व्यवस्थेंत साठवणाची एक 'प्रतिमा', म्हणजे एक काल्पनिक तबकडी, तयार करतात. तिचे सामान्यतः ४ मेगाबाइटांचे तुकडे पाडून ते अनेक संगणकांवर वाटले जातात. १०० गिगाबाइटांच्या प्रतिमेचे असे २५,६०० तुकडे होतात. परंतु ज्या तुकड्यावर कांहीं लिहिलेलें नाहीं तो जन्मासच येत नाहीं, म्हणून रिकामी प्रतिमा फारशी जागा अडवीत नाहीं. प्रत्येक तुकड्याच्या बहुधा तीन प्रती ठेवतात.

२०११ च्या जानेवारींत बाहेर पडलेल्या लिनक्सच्या २.६.३७ या आवृत्तींत अशी प्रतिमा थेट संगणकाला जोडण्याची सोय आली. आज्ञा देतांच ती घरच्या तबकडीप्रमाणें दिसूं लागते. 'अमुक क्रमांकाच्या जागेवर लिही' एवढेंच संगणक म्हणतो. तुकडा कोठें आहे हें मधला चालक शोधतो. त्यासाठीं तो कोणा कारकुनाची वही चाळीत नाहीं. देखरेख करणाऱ्या संगणकांकडून तो साऱ्या साठ्यांचा नकाशा घेतो व ठरलेल्या गणितानें स्थान काढतो. एकच पंचांग हातीं असलेले दोघे वेगवेगळ्या गांवीं बसले तरी त्यांची तिथि एकच निघते, तसेंच हें आहे. त्या वेळीं चालू असलेल्या सर्व प्रतींवर लेखन झाल्यावरच 'लिहिलें' असा निरोप परत येतो.

तथापि या सोयींत एक धोका दडलेला आहे. घरची तबकडी एकाच संगणकाची असते; ही मात्र दोन संगणकांना एकाच वेळीं जोडतां येते. नेहमीची फाइलव्यवस्था तबकडी आपली एकटीची आहे असें गृहीत धरते व रिकाम्या पानांची यादी आपल्या स्मरणांत ठेवते. दोन संगणक एकच प्रतिमा उघडून लिहूं लागले, तर चाळिसावें पान रिकामें आहे असें दोघांनाही वाटतें. एकाच्या लेखनावर दुसऱ्याचें लेखन चढतें आणि वर्षानुवर्षांचें दप्तर क्षणांत नासतें. तीन प्रती येथें कामास येत नाहींत, कारण चूकही तिन्हींवर तितक्याच इमानानें लिहिली जाते. प्रतिमेला कुलूप घालण्याची योजना आहे. पण नेहमीच्या रीतीनें तें मागणाऱ्याच्या स्वाधीन केलें जातें, त्यामुळें लेखन आळीपाळीनें होतें इतकेंच. यास्तव कुलूप न सोडण्याची अट जोडतांनाच घालावी.

सोडतांनाही क्रम पाळावा. प्रथम फाइलव्यवस्था उतरवावी, म्हणजे स्मरणांत राहिलेलें लेखन तबकडीवर पोंचतें. मग जोडणी तोडावी, आणि जाळें सर्वांत शेवटीं बंद करावें. दुसऱ्या संगणकाला केवळ वाचावयाचें असेल, तर लेखन थांबवून त्या क्षणाची गोठविलेली नक्कल काढावी व ती त्याला द्यावी. पोथीचीं पानें यंत्र सांभाळतें. पोथी एका वेळीं एकाच्याच हातीं असावी, ही शिस्त मात्र माणसानेंच पाळावयाची असते.