फॉर्मॅट मारण्याआधी थांबा!

साकीनाक्याच्या दहा बाय बाराच्या खोलीतही आज पोरांच्या अभ्यासासाठी संगणक आला आहे. विंडोजचे अपडेट चालू असताना वीज गेली की तो सकाळी सुरूच होत नाही. दुकानदार म्हणतो, "फॉर्मॅट मारू." आमचे सांगणे आहे, आधी थांबा. त्यात दाखल्यांच्या प्रती, शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलीचा प्रकल्प, सारे पुसले जाऊ शकते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. तरी ते संगणक एक सदोष फाइल काढून सुरू करता आले, फॉर्मॅट न करता.

घरच्या संगणकालाही असाच मार्ग आहे. विंडोजचे चिन्ह दिसताच बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असे दोनतीनदा केले की दुरुस्तीची स्क्रीन येते. तेथे 'ट्रबलशूट', मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन शेवटचे अपडेट काढा. संगणक सुरू होताच आधी कागदपत्रे पेनड्राइव्हवर घ्या. मग डिस्कवर वीसेक जीबी जागा मोकळी करा आणि पुन्हा अपडेट करा.

यंत्र पुन्हा घेता येईल. पोरांची मेहनत पुन्हा मिळत नाही.