रजेनेही न उतरणारा थकवा

मार्चअखेरची धावपळ आटोपली की कर्मचारी दोन-चार दिवस विश्रांती घेतो आणि पुन्हा ताजातवाना होतो. हा झाला साधा थकवा. परंतु रजेवरून परतल्यावरही शाखेची पायरी चढताना पाय जड होतात, समोरचा ग्राहक केवळ टोकन क्रमांक वाटू लागतो आणि रोकड बिनचूक जुळूनही समाधान लाभत नाही, तेव्हा ती अवस्था निराळी असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये तिच्यासाठी ‘बर्नआऊट’ ही संज्ञा वापरली. जागतिक आरोग्य संघटना तिला आजार मानत नाही. कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणाचा तो परिणाम होय, असे तिने २०१९ मध्ये स्पष्ट केले.

ताण दररोज साचतो. म्हणून त्याचा निचराही दररोज व्हावयास हवा. कधीतरी घडणारी सहल आनंद देते खरी, पण येथे मुदत ठेवीपेक्षा आवर्ती ठेवीची रीत अधिक उपयोगी. दुपारचा डबा काउंटरपासून दूर बसून खाणे, रात्री पुरेशी झोप घेणे, आठवड्यास किमान १५० मिनिटे भरभर चालणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल. नवी गोष्ट एखाद्या ठरलेल्या कामास जोडावी; उदाहरणार्थ, रोकड बंद केल्यावर घरची वाट धरण्यापूर्वी दहा मिनिटे चालणे. एकवीस दिवसांत सवय जडते, हा समज मात्र सोडावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांना सवय मुरण्यास सरासरी ६६ दिवस लागतात असे आढळले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा त्यांचा हिशेब होता. मधला एखादा दिवस चुकला, तरी फारसे बिघडत नाही.

अर्थात सारा भार व्यक्तीवर टाकणे न्याय्य नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, तेही पूर्वसूचनेविना, सक्तीच्या रजेवर पाठविण्याचे निर्देश दिले. हेतू गैरव्यवहारांस आळा घालण्याचा होता, विश्रांतीचा नव्हे. तरीही ‘माझ्यावाचून शाखा चालणार नाही’ या समजुतीस त्यातून परस्पर उत्तर मिळाले!

आपल्या ग्राहकांपैकी दुकानदार व गृहिणी यांची रजा मंजूर करणारा कोणीच नसतो. त्यांनी आठवड्यातील एक सायंकाळ घरच्यांशी बोलून आधीच राखून ठेवावी. उदासी वा निद्रानाश रेंगाळत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतूनही बोलता येते.