नर्मदेचे खोरे आणि प्रस्तरभंग

गोदावरी, कृष्णा या नद्या पूर्वेकडे वाहत असताना नर्मदा पश्चिमवाहिनी का, याचे उत्तर भूगर्भात आहे. भूकवचावर ताण येऊन खडक भंगतात व भंगरेषेवरून सरकतात. यास प्रस्तरभंग म्हणतात. विंध्य व सातपुडा यांमधील भूभाग अशा भंगांमुळे खचला. नर्मदेच्या १,३१२ किलोमीटर प्रवासाचा मोठा भाग याच खचदरीतून होतो. दरीत साचलेल्या गाळावर शेती बहरली, काठी गावे वसली, परिक्रमेची वाट रुळली. उत्तर भारत व दख्खन यांची सीमाही परंपरेने हीच नदी मानली गेली. मात्र हे भंग अद्याप शांत झालेले नाहीत. २२ मे १९९७ रोजीच्या जबलपूर भूकंपात याच पट्ट्यातील घरे कोसळून माणसे दगावली. जी भूमी आपणांस पोसते, तिचा स्वभाव ओळखूनच तिच्यावर घर बांधावे.