केळ्याची सावली कोणत्या रंगाची?

इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेच्या स्थिरचित्रात केळी आली की मुलांची फसगत ठरलेली. सावलीची बाजू दाखवायची म्हणून पिवळ्यात थोडा काळा मिसळतात. बहुतेक काळ्या रंगांत निळसर छटा असते, त्यामुळे पिवळा शेवाळी पडतो आणि पिकलेलं केळं कागदावर पुन्हा कच्चं होतं. केळीच्या बागांत वाढलेल्या रावेर-यावलच्या पोराकडून तरी ही चूक होऊ नये, पण होते.

तैलरंगात काम करणारा तिथे काळ्याला हात लावत नाही. यलो ऑकर, रॉ अंबर आणि पिवळ्याचा विरोधी म्हणून जांभळ्याचा जेमतेम स्पर्श, एवढ्यावर सावली उभी राहते. केळ्याच्या अंगाला धारा असतात, हे चित्रकाराचं नशीब. संत्र्यावर उजेड कुठे संपला ते शोधावं लागतं. केळ्यावर धार ओलांडली की रंगच बदलतो. वरच्या पट्ट्यावर खिडकीतल्या आभाळाचा थंड पांढुरका उजेड, मधल्यावर खरा पिवळा, आणि खालच्या पट्ट्यात टेबलावरच्या कापडाचा रंग. लाल कापड असेल तर केळ्याचं पोट नारिंगी दिसतं. फळाचा स्वतःचा म्हणावा असा रंग फक्त त्या मधल्या पट्टीत उरतो.

आणि तोही उशिरा दिसतो. जळगावचं केळं (२०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं) हिरवंच कापतात आणि इथिलीन वायूवर पिकवतात. त्यात हरितद्रव्य विरतं आणि सालीत आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो. म्हणून चित्रातही आधी पातळ हिरवट थर आणि तो वाळल्यावर वर पिवळा दिला, तर फणीच्या देठाकडचा हिरवेपणा आपसूक जमतो.

हे थरांचं काम तैलरंगाला साधतं, कारण जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होतं आणि त्याचा पारदर्शक पापुद्रा बनतो. उजेड त्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्या अस्तरावर आपटून रंग घेऊन परत येतो. आमच्याकडे जवस चटणीत जास्त खपतं, ही गोष्ट वेगळी. भरिताचं वांगं रंगवताना या पापुद्र्याची किंमत कळते. बामणोद-आसोद्याकडचं ते पोपटी, पांढुरक्या रेघांचं वांगं इतकं तुकतुकीत असतं की त्यात अख्खी खिडकी गजांसकट दिसते. ती चमक म्हणजे नुसता पांढरा ठिपका नव्हे. तिच्या कडेला किंचित निळा आणि मग एकदम हिरवा. शिरपूरकडची पपई चिरून ठेवली तर कसोटी आणखी कठीण: प्रत्येक काळ्या बीवर ओलसर पारदर्शक आवरण, आणि प्रत्येकावर वेगळा उजेड. शिवाय कापलेली फोड तासाभरात सुकू लागते, म्हणून ती आधी रंगवून घ्यावी.

खिडकीचंही एक आहे. युरोपातल्या पुस्तकांतून आपण उत्तरेची खिडकी उचलली. तिकडे भर दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला नसतो. जळगाव-धुळे साधारण २१ अंश अक्षांशावर. इथे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकतो, आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन तर मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत त्या खिडकीत येतं. तेव्हा पडदा हवा, नाहीतर सावल्या हलतात आणि चित्र बिघडतं.

जळगावहून जवळच असलेल्या अजिंठ्यात हा प्रश्नच नव्हता. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यांच्या छतांवर फळं आहेत, त्यांना गोलाई आहे, पण जमिनीवर पडलेली सावली नाही. उजेड एका दिशेने येतो हे त्या चित्रकारांनी धरलेलंच नाही. मला त्यात काही उणं वाटत नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल याने १८४४ पासून याच लेण्यांतल्या चित्रांच्या तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या.

एका दिशेच्या उजेडाचा खरा उपासक चाळीसगावात होऊन गेला: केकी मूस (१९१२–१९८९). दशकानुदशकं ते घराबाहेर फारसे पडले नाहीत. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, दिवा सरकवायचा आणि फोटो काढायचा, ही त्यांची टेबलटॉप छायाचित्रणाची रीत. त्यांची गाजलेली छायाचित्रं कृष्णधवल आहेत, तरी तैलचित्र शिकणाऱ्याने ती रंगांच्या आधी पाहावीत असं माझं मत आहे. कुठे उजळ, कुठे गडद हे एकदा ठरलं की पिवळ्यात काय मिसळायचं हा प्रश्न निम्मा सुटतो. चाळीसगावात त्यांच्या घरीच संग्रहालय आहे.