धुरातलं पाणी

शेरलॉक होम्स म्हटलं की त्याच्या तोंडातला भला मोठा, वाकडा पाइप डोळ्यांपुढे येतो. गंमत अशी, की आर्थर कॉनन डॉयलच्या कथांमधला होम्स मातीचा, ब्रायरच्या किंवा चेरीच्या लाकडाचा पाइप ओढतो. हा वाकडा पाइप त्या कथांत कुठंच नाही; तो त्याला पुढे नाटक-सिनेमांनी आणि चित्रकारांनी दिला. या पाइपला ‘कॅलबॅश’ म्हणतात, आणि तो चक्क भोपळ्याचा असतो. दक्षिण आफ्रिकेत होणाऱ्या एका भोपळ्याची वाकडी मान वाळवायची, तिच्या तोंडाशी मीरशॉम नावाच्या पांढऱ्या, सच्छिद्र खनिजाची वाटी बसवायची. वाटीखाली भोपळ्याची पोकळी रिकामीच राहते. ही रिकामी जागा शोभेसाठी नाही. धूर तिथं पसरतो, रेंगाळतो, थंड होतो आणि आपल्यातलं पाणी तिथंच टाकून पुढे जातो.

धुरात पाणी कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. तंबाखू कोरडी दिसली तरी तिच्यात ओल असते. शिवाय कुठलाही पाला जळताना पाण्याची वाफ तयार होतेच. ही वाफ पाइपच्या अरुंद नळीत थंड झाली की तिचे थेंब होतात. त्यांत काजळी आणि डांबर मिसळतं, नळीत गुरगुर सुरू होते आणि तो कडू, तपकिरी रस ओढणाऱ्याच्या जिभेवर येतो. आपल्याकडे चिलीम ओढणारा तिच्या बुडाशी ओलं फडकं धरतो, ते धूर निवावा म्हणूनच. युरोप-अमेरिकेतल्या कारागिरांनी याच एका अडचणीवर शंभर वर्षं डोकं खपवलं.

जुने पाइप जमवणारे जगभर आहेत. कुणी लाकडाच्या रेषांवर भाळतो, कुणी नामवंत कारखान्याच्या खुणेवर. पण त्यांच्यात एक वेगळा पंथ आहे. ही मंडळी पाइप हातात घेतला की आधी त्याची मुखनळी, म्हणजे तोंडात धरायचा भाग, अलगद काढतात आणि पोटात काय दडलंय ते बघतात.

या पंथाचं पहिलं दैवत म्हणजे डब्लिनचा पीटरसन. चार्ल्स पीटरसन हा लॅटव्हियातून आयर्लंडला आलेला कारागीर. १८९० साली त्यानं एक पेटंट घेतलं. पाइपच्या दांड्यात, धुराच्या वाटेच्या खालच्या अंगाला त्यानं एक छोटी विहीर कोरली. पाणी तिच्यात साचतं आणि धूर वरून कोरडा जातो. विहीर भरली की मुखनळी काढायची, पाइप झटकायचा. १८९८ मध्ये त्यानं मुखनळीही बदलली. धुराचं भोक टोकाला न ठेवता वरच्या बाजूला वळवलं. त्यामुळं धूर जिभेवर न आदळता टाळूकडे जातो.

या पाइपांवरचे शिक्के वाचणं हाही एक छंद आहे. ‘आयरिश फ्री स्टेट’ असा शिक्का असेल तर पाइप साधारण १९२२ ते १९३७ या काळातला. ‘एरा’ असेल तर १९३७ च्या राज्यघटनेनंतरचा. ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असेल तर १९४९ किंवा त्यानंतरचा. एका देशाच्या स्वातंत्र्याचा प्रवास बोटभर लाकडावर उमटलेला सापडतो!

लंडनच्या आल्फ्रेड डनहिलची गोष्ट आणखी मजेची. घरचा धंदा घोड्यांच्या सरंजामाचा. मोटारी आल्या तसा तो मोटारींचं सामान विकू लागला. तेव्हाच्या मोटारी उघड्या असत आणि वाऱ्यानं पाइपमधले निखारे उडत. म्हणून १९०४ साली त्यानं वाटीची पुढची भिंत उंच केलेला, वारा अडवणारा पाइप काढला. पुढे दांड्यात बसणारी ॲल्युमिनियमची बारीक नळीही आणली. घाण त्या नळीत साचायची. ती काढून टाकली की पाइप स्वच्छ. अशा पाइपांवर कोरलेले पेटंटचे आकडे आज संग्राहकांना जन्मपत्रिकेसारखे उपयोगी पडतात.

मग आले इंजिनिअर. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फ्रेडरिक कर्स्टन हे वैमानिकी शास्त्राचे प्राध्यापक होते. तिथला वायुबोगदा आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो. डॉक्टरांनी त्यांना सिगारेट सोडायला सांगितली, असं म्हणतात. प्राध्यापकांनी काय करावं? १९३० च्या दशकात त्यांनी नवा पाइपच बनवला. त्याचा दांडा म्हणजे धातूची जाड नळी. मोटारीच्या रेडिएटरसारखी ती धुरातली उष्णता बाहेर सोडते. पाणी आतल्या भिंतीवर जमतं आणि कागदानं पुसून काढता येतं. त्याच सुमारास, १९३६ मध्ये, केनली बग या दुसऱ्या अमेरिकी इंजिनिअरनं ‘फाल्कन’ पाइपची रचना केली. त्याचा दांडा ॲल्युमिनियमचा आणि वाटी फिरवून काढता येणारी. वाटीखालच्या बशीत पाणी साचतं. १९६० च्या दशकात तर रॉकेटसाठी वापरल्या जाणाऱ्या एका खास ग्राफाइटचं अस्तर दिलेले पाइपही कॅलिफोर्नियातून विक्रीला आले. त्यांचं नाव साधंच, ‘द पाइप’.

आता दुसरी बाजू. जुन्या बाजारात हे पाइप अनेकदा अर्धेच मिळतात. ‘केवूडी’ पाइपमध्ये धूर गार करणारी धातूची बोंडी असते. ती कित्येकदा कापलेली आढळते, कारण ओढणाऱ्याला ती झुरक्याच्या आड येणारी वाटली. डनहिलची आतली नळी तर बहुतेकांनी फेकूनच दिली. शोधकानं घातलं ते गिऱ्हाइकानं काढलं. म्हणून सगळे भाग शाबूत असलेला पाइप संग्राहकाला मोलाचा वाटतो. तुम्हाला असा पाइप मिळाला तर मुखनळी जोरानं ओढू नका. हळूहळू फिरवत काढा. ती काळी नळी गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. उजेडात ठेवली तर हिरवट-तपकिरी पडते.

या बुद्धिमत्तेपुढे मान झुकते, हे मी मोकळेपणानं म्हणतो. छंदाच्या मर्यादेत राहून केलेल्या चांगल्या शेरासारखी ती आहे. वीतभर लाकूड, एक भोक, आणि त्यातून शंभर वाटा. पण या पाइपांची नावं जरा ऐका: ‘मेडिको’, ‘डॉ. ग्रेबो’, ‘डॉ. पर्ल ज्युनियर’. नावातच वैद्य बसलेला! सोय विकता विकता हळूच आरोग्यही विकलं गेलं. गार धूर म्हणजे निर्मळ धूर, असा समज पसरला. जिभेला चटका बसत नाही म्हणजे देहालाही बसत नाही, असं माणसाला वाटू लागलं. विहिरीत पाणी आणि थोडं डांबर अडतं. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू अडत नाही. निकोटिन तर पोचायलाच हवं, नाहीतर माणूस ओढेल कशाला?

आणि हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं, असंही नाही. पाइप ओढणाऱ्यांच्या ओठाला कॅन्सर जास्त होतो, हे सॅम्युएल सोमरिंग या जर्मन वैद्यानं १७९५ सालीच नोंदवलं होतं. १९६४ च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या अहवालानंही पाइप आणि ओठाचा कॅन्सर यांचा संबंध सांगितला.

त्याच्याही आधीची एक हकिकत आपल्या दख्खनशी जोडलेली आहे. १६०४ च्या सुमारास असद बेग हा मोगल अधिकारी विजापूरहून तंबाखू आणि एक रत्नजडित नळी घेऊन अकबराकडे गेला. बादशहानं दोन-चार झुरके घेतले. तेव्हा दरबारच्या हकिमानं हरकत घेतली, की या वस्तूची पारख झालेली नाही, आपल्या ग्रंथांत तिचा उल्लेख नाही. अकबरानं पुढे ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली. नळीवरची रत्नं सगळ्यांना दिसली, हकिमाचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही.

म्हणून हे पाइप जमवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की जरूर जमवा. त्यांचे सगळे भाग जपा, पेटंटचे आकडे टिपून ठेवा, आणि जुनी जाहिरात मिळाली तर तीही शेजारी लावा. मग घरातल्या एखाद्या मुलानं विचारलं, की हे यंत्र कशासाठी, तर त्याला पूर्ण उत्तर द्या. सांगा, की शहाण्या माणसांनी धुरातलं पाणी काढण्यासाठी हे बनवलं, आणि पाणी खरंच निघालं. विष मात्र धुरातच राहिलं.