एका मोटारीचे चाक दुसऱ्या मोटारीला

कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे फडापासून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत ज्या बैलगाड्यांच्या रांगा लागतात, त्यांतील पुष्कळ गाड्यांना आता लोखंडी धाव चढवलेली लाकडी चाके नसून रबरी टायरची चाके असतात. आणि त्यांतले कितीतरी टायर कोणत्या ना कोणत्या मोटारीखाली अगर मालट्रकखाली आपले पहिले आयुष्य घालवून मग बैलांच्या मागे आलेले असतात. ऊसतोडणीच्या व्यवहारात ‘टायरगाडी’ आणि ‘टायर सेंटर’ हे शब्द इतके रूढ झाले आहेत, की त्यांत काही नवल आहे असे कोणास वाटत नाही. बैलाची चाल मंद असते, ब्रेक म्हणावा असा काही नसतो आणि टायर गोटा झालेला असला तरी त्याने फारसे बिघडत नाही. सबब एका वाहनाचे चाक दुसऱ्या वाहनाला लावण्याची ही रीत तेथे बिनदिक्कत चालत आली आहे.

ही काटकसर तुच्छ लेखावी अशी मुळीच नाही. ज्या गावात कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी विलायतेहून यंत्र येण्याची वाट न पाहता आपले सहकारी दामले यांच्या साह्याने चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला, ज्या गावाच्या शिवाजी उद्यमनगरातून, आणि पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांतून, मोटारींचे ब्रेकड्रम आणि हब ओतून व कातून देशभर गेले, त्या गावाला आहे त्या वस्तूतून हवी ती वस्तू करून घेण्याची विद्या कोणी शिकवावी लागत नाही. परंतु विजेवर चालणाऱ्या मोटारी आता घरोघर दिसू लागल्या आहेत; एका घरात जुनी नेक्सॉन विकून दुसऱ्या कंपनीची गाडी येते आणि हौसेने घेतलेला अलॉय चाकांचा जोड मागे उरतो; शेजारी म्हणतो, ‘माप एकच आहे, मला द्या.’ अशा वेळी ते चाक खरोखर देता येईल काय, याचा निर्णय अंदाजाने न करता मोजून करावा, आणि मोजण्याची साधने कोल्हापुरात हाताशी असताना तो अंदाजाने होऊ देणे हा या गावाच्या कसबाला उणेपणा आणणारा प्रकार होय, असे मला मनापासून वाटते.

चाकावर ठळकपणे दिसते ते टायरचे माप. नेक्सॉन ईव्हीच्या टायरवर २१५/६० आर १६ असे लिहिलेले असते. यातील २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, जी रुंदीच्या शेकडा ६० इतकी. ‘आर’ ही टायरच्या रेडियल बांधणीची खूण आणि १६ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. या आकड्यांवरून टायरची एकूण उंची काढली तर ती सुमारे ६६४ मिलिमीटर भरते. आता महिंद्रच्या एक्सयूव्ही ४०० चे २०५/६५ आर १६ हे माप घ्यावे, तर उंची सुमारे ६७३ येते. एमजीच्या झेडएस ईव्हीचे २१५/५५ आर १७ घ्यावे, तर सुमारे ६६८. म्हणजे तीन निरनिराळ्या कारखान्यांच्या या गाड्या जमिनीपासून जवळजवळ सारख्याच उंचीच्या चाकांवर उभ्या आहेत. त्यांतील सर्वात उंच आणि सर्वात ठेंगणा टायर यांच्यात एक सेंटिमीटरचाही फरक नाही. मोह पडतो तो येथेच. पण टायरची उंची जुळली म्हणून चाक जुळले असे होत नाही, कारण चाक गाडीला धरून ठेवणारी मापे टायरवर लिहिलेली नसतात. ती चाकाच्या पाठीमागे, आपल्याला सहसा न दिसणाऱ्या बाजूस असतात.

चाक पालथे करून पाहावे. मधोमध एक मोठे भोक असते, ज्यात गाडीच्या हबचा उंचवटा शिरतो. त्याच्या सभोवार नटांची भोके असतात, टियागोसारख्या लहान गाडीला चार, नेक्सॉनला पाच. ही भोके ज्या कल्पित वर्तुळावर पाडलेली असतात त्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे ज्याला सर्व टायरवाले ‘पीसीडी’ म्हणतात, हे पहिले माप. चार भोकांचे चाक असेल तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधील अंतर म्हणजेच पीसीडी. पाच भोकांच्या चाकाला ही सोय नाही, कारण तेथे कोणत्याही भोकाच्या बरोबर समोर दुसरे भोक येत नाही. तेव्हा शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधील अंतर व्हर्नियरने घ्यावे आणि त्यास १.७०१ ने गुणावे. जगातील अनेक मोटारींचा पीसीडी ११४.३ मिलिमीटर आहे. हा आकडा चमत्कारिक दिसतो, पण तो साडेचार इंचांचा मिलिमीटरमधील अवतार आहे. युरोपातील पुष्कळ गाड्यांचा पीसीडी ११२ असतो. या दोहोंत शेजारच्या भोकांमधील अंतराचा फरक जेमतेम १.३५ मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत अर्ध्या सुताहूनही कमी. आणि एवढ्या अल्प फरकामुळेच अनर्थ ओढवतो, कारण जोर करून नट आवळले असता असे चाक बसल्यासारखे दिसते. नटाचा निमुळता भाग भोकाच्या एकाच कडेला टेकतो, स्टड किंचित वाकलेल्या अवस्थेत ताण सहन करतो, आणि फेऱ्यागणिक तो ताण उलटसुलट होत राहतो. लोखंड असे किती दिवस सोसणार?

दुसरे माप मधल्या भोकाचे. निसान लीफ, ह्युंदाई कोना आणि टेस्लाचे मॉडेल ३ या तिन्ही विजेच्या गाड्यांचा पीसीडी ५ भोकांचा आणि ११४.३ हाच आहे. तथापि मधले भोक लीफचे ६६.१, कोनाचे ६७.१ आणि टेस्लाचे ६४.१ मिलिमीटर. लीफचे चाक कोनाच्या हबवर चढणारच नाही. उलट कोनाचे चाक टेस्लाच्या हबवर सहज चढेल, पण तीन मिलिमीटर मोकळे राहील, आणि चाक केंद्रात धरण्याचे जे काम हबने करावयाचे ते सारे नटांवर येऊन पडेल. मग ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते आणि बॅलन्सिंग कितीही केले तरी ती थरथर जात नाही. ही मोकळी जागा भरून काढणारी कडी मिळते, आणि उद्यमनगरातल्या लेथवर ती नेमक्या मापाची कातूनही घेता येईल. माझ्या मते ही तडजोड रास्त आहे. परंतु टेस्लाचे स्टड १४ मिलिमीटर जाड, तर कोना आणि लीफ यांचे १२ मिलिमीटर. तेथे नट त्याच आट्याचे नाहीत, आणि भोकेही तेवढी मोठी असतीलच असे नाही. चाकाची भोके वाढवून घेणे हा मात्र सरळसरळ अपराध समजावा. तो करणाऱ्या मिस्त्रीला कोणी दाद देऊ नये.

तिसरे माप ऑफसेटचे. चाकाचा हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, हे या आकड्यावरून कळते, आणि बहुधा ते चाकाच्या पाठीवर ‘ईटी’ या अक्षरांपुढे ओतलेले असते. हा आकडा वाढला की चाक आत सरकते व सस्पेन्शनला घासण्याचा संभव उत्पन्न होतो. कमी झाला की चाक बाहेर येते, बेअरिंगवरील भार वाढतो आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डला लागतो. यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. नवे चाक चढविल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून, गाडीत चार माणसे बसवून पाहिले म्हणजे यातील बरेच उघड होते.

येथवरचा विचार पेट्रोलच्या गाडीलाही लागू आहे. विजेच्या गाडीत एक निराळी बाब येते, ती वजनाची. बॅटरीमुळे नेक्सॉन ईव्ही आपल्याच पेट्रोलच्या भावंडापेक्षा दीड-दोनशे किलोंनी जड आहे, आणि शिवाय विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पुरता जोर चाकांवर आणते, तर पाय काढताच तीच मोटर जनित्र बनून चाकांना मागे ओढते. टायरच्या मापापुढे जो दोन-तीन अंकी आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ९५ एच, त्यातील ९५ हा भारांक होय; त्याचा अर्थ तो टायर योग्य हवेवर ६९० किलो पेलतो असा. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९८ म्हणजे ७५० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. ‘एच’ ही ताशी २१० किलोमीटर वेगमर्यादेची खूण. एकाच मापाचा टायर निरनिराळ्या भारांकांचा मिळतो, आणि सेकंडहॅण्ड बाजारात लोक माप वाचतात, भारांक वाचत नाहीत. कंपनीने दिला त्याहून कमी भारांकाचा टायर विजेच्या गाडीला लावू नये. या बाबतीत कसलीही सवलत घेण्यास जागा नाही.

जर्मनी, स्वीडन, कॅनडा या देशांत नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांपुढे हाच प्रश्न दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास उभा राहतो, कारण तेथे पुष्कळ गाड्यांना चाकांचे दोन जोड असतात, एक उन्हाळ्याचा आणि एक हिवाळ्याचा. हिवाळी टायरचे रबर थंडीत मऊ राहील असे बनविलेले असते; पारा सुमारे सात अंशांखाली गेला की साध्या टायरचे रबर कडक होऊन पकड सोडू लागते. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर ते आवश्यक असून ऑक्टोबर २०२४ पासून ज्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकण ही खूण आहे तेच हिवाळी टायर म्हणून धरले जातात. गाडी बदलली की हा महागडा हिवाळी जोड नव्या गाडीला चालेल का, अशी पृच्छा होणे स्वाभाविक आहे. टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय यांचेच पाहा: पीसीडी एक, मधले भोक एक, नट एक, मॉडेल ३ चे १८ इंची चाक मॉडेल वायला बहुधा चढते. परंतु पहिल्याच्या २३५/४५ आर १८ टायरची उंची सुमारे ६६९ मिलिमीटर, दुसऱ्याच्या २५५/४५ आर १९ ची सुमारे ७१२. गाडी बावीसेक मिलिमीटर खाली येते, काटा शंभर दाखवीत असता खरा वेग चौऱ्याण्णवच्या आसपास असतो, आणि भारांक १०४ वरून ९८ वर, म्हणजे चाकामागे दीडशे किलोंनी, घसरतो. एकाच कंपनीच्या दोन भावंडांत ही स्थिती. त्यातही २०२१ च्या सुमारास या कंपनीने हवेचा दाब कळविणारे सेन्सर बदलले. तेव्हा जुन्या चाकातील सेन्सर नव्या गाडीशी बोलतच नाही, आणि डॅशबोर्डवरील पिवळा दिवा विझत नाही.

आपल्याकडे बर्फ नाही, पण गगनबावड्याचा पाऊस आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घाटातल्या वळणांवर पाण्याचा जो पातळ थर वाहत असतो, तो बाजूला सारण्याचे काम टायरच्या खाचा करतात. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की खाचेच्या तळचा उंचवटा टायरच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतो आणि कायद्याने टायर संपतो. मुसळधार पावसात मात्र पकड त्याच्या बऱ्याच आधी कमी होऊ लागते; सबब जुने टायर घेताना हा आकडा मर्यादा न मानता धोक्याची सीमा मानावा. टायरच्या भिंतीवरील लंबगोल चौकटीत चार अंक असतात: २३१९ याचा अर्थ २०१९ सालातील तेविसाव्या आठवड्यात बनलेला. खाचा भरपूर असून टायर सात-आठ वर्षांचा असेल, भिंतीवर बारीक चिरा असतील, तर तो सोडून द्यावा. महापुराच्या पाण्यात दिवसेंदिवस बुडून राहिलेल्या गाडीची चाके विकावयास आली, तर बेअरिंगचा विचार निराळा करावा; चाके मात्र धुऊन, रिमची कड तपासून, घेण्यास हरकत नाही. आणि परदेशातून आलेला हिवाळी टायर येथे फुकट मिळाला तरी लावू नये. एप्रिल-मेच्या उन्हात त्याचे मऊ रबर झपाट्याने झिजते आणि ब्रेक लावल्यावर गाडी अधिक अंतर जाते.

चाक बदलण्याच्या कृतीतही विजेच्या गाडीची एक अट आहे. गाडीच्या पोटाखाली बॅटरीची सपाट पेटी असते; जॅक नेमून दिलेल्या जागीच लावावा, अन्यथा एका चाकाच्या काटकसरीपायी साऱ्या गाडीतील सर्वात महाग वस्तूला पोचा पडेल. नट एअर-गनने आवळून सोडून न देता टॉर्क-पान्याने कंपनीच्या आकड्यापर्यंत आवळावे, आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे. जुलै २०२० च्या अधिसूचनेने, ट्यूबलेस टायर, दाब कळविणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असेल तर स्टेपनी नसलेल्या गाडीला केंद्र सरकारने मुभा दिली. त्यामुळे अनेक विजेच्या गाड्यांत स्टेपनीच नसते. घाटात जाणाऱ्या माणसाने दुसऱ्या गाडीचे एखादे जुळणारे चाक स्टेपनी म्हणून बाळगण्याची तजवीज केली तर ती मला शहाणपणाची वाटते, मात्र वरील सर्व मापे आधी घरी पडताळून पाहिलेली असावीत.

यात कारखानदारांनी एक लहानशी गोष्ट करावी. दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर टायरचे माप आणि हवेचा दाब छापलेला असतो; त्याच पट्टीवर पीसीडी, मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट, स्टडचे आटे आणि नट आवळण्याचा टॉर्क हे पाच आकडे छापण्यास एक ओळ पुरेल. ते होईपर्यंत कोल्हापुरातील टायरच्या दुकानदारांनी जुने चाक विकताना यांतील चाकावर मोजता येणारे आकडे व्हर्नियर लावून मोजावेत, टायरचा भारांक व बनावटीचा आठवडा त्यांच्या खाली मांडावा आणि पावतीवर सही-शिक्क्यानिशी द्यावेत. घेणाऱ्यानेही अशी पावती मिळाल्याखेरीज पैसे मोजू नयेत.